फ्लेमिंगोचं पाकीट

९ जानेवारी

चि. टिटवीस,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात वेगळे लिहीत बसत नाही.

तुझं पत्र सोमवारी आलं. एकदा चष्म्याशिवाय वाचलं, एकदा चष्मा लावून. दोन्ही वेळा सारखंच कळलं. तुला माझा बिस्किटाचा डबा हवा आहे, एवढं ध्यानात आलं. कशाला हवा आहे, ते काही उमगलं नाही.

त्या डब्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे. तरी पुन्हा लिहितो, म्हणजे मागाहून "काका, तुम्ही सांगितलंच नाहीत" असं व्हायला नको. प्राणिसंग्रहालयाच्या पक्षीविभागात मी एकतीस वर्षं पक्षीपाल होतो. शेवटची चार वर्षं डॉक्टरसाहेबांनी एक नवीन काम मागे लावलं. थंडी सुरू झाली की प्रत्येक जातीच्या एका पक्ष्याच्या रक्ताचा थेंब टिपकागदावर घ्यायचा, वाळवायचा, पाकिटात घालायचा आणि वर पक्ष्याचं नाव नि वर्ष लिहायचं. दोन दोन पाकिटं. एक ऑफिसात जायचं, एक माझ्याकडे राहायचं, कारण ऑफिसात उंदीर होते. संग्रहालय बंद झालं तेव्हा ऑफिसची पाकिटं रद्दीत गेली. माझी राहिली.

आता ते रक्त म्हणजे नुसते विटकरी डाग. त्यातून तू काय काढणार? आणि काढलंस तर खाली कोणाचं नाव येणार? निवृत्त माणसानं सरकारी माल घरी का नेला, असं उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू? उंदरांची साक्ष काढू?

शिवाय डब्याचं झाकण नीट बसत नाही. तेव्हा विचार करून कळव. नको असेल तर तसं कळव, मला वाईट वाटणार नाही.

तुझा,
काका


१७ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. डबा हवा आहे. विचार करून झाला आहे.

तुम्हाला कोणीही पकडून नेणार नाही. पकडायचंच झालं तर मला पकडतील, कारण तीन वर्षं शिष्यवृत्तीवर बसून मी काहीच दाखवलेलं नाही. पाच महिने उरले आहेत. माझ्या गाईडबाई परवा सगळ्यांदेखत म्हणाल्या, "इतरांच्या हातून निष्कर्ष निघतात, हिच्या हातून कारणं निघतात." शेजारच्या टेबलावरचा आमचा सोडावॉटर (त्याच्या चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या आहेत) इतका हसला की त्याची नळी सांडली. तेवढंच समाधान.

आता नीट वाचा, चष्मा लावून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिच्यातून प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन सुटतं. गाईच्या कासेत दूध तयार होतं ते त्याच्यामुळे. कोंबडी खुडूक बसते ती त्याच्यामुळे. समुद्रातून नदीत शिरणारा मासा गोड्या पाण्यात तगतो, तोही त्याच्यामुळेच. हार्मोन एक, पण प्रत्येक घरी त्याला वेगळं काम लावलेलं. हे हार्मोन कसं बनवायचं त्याची कृती प्रत्येक प्राण्याच्या अंगात, रक्ताच्या थेंबातसुद्धा, चार अक्षरांच्या भाषेत लिहिलेली असते. त्या कृतीला जीन म्हणतात. निरनिराळ्या प्राण्यांच्या कृती एकाखाली एक मांडायच्या आणि कुठलं अक्षर कुठे बदललं ते बघायचं, हे माझं काम.

गाय, उंदीर, मासा, कोंबडी यांचं झालेलं आहे. पण फार थोडे पक्षी असे आहेत की जे घशातून दूध उतरवून पिलांना पाजतात, आणि तेही आई-बाप दोघं. कबूतर त्यातलं एक, फ्लेमिंगो दुसरा. माझ्या प्रबंधाची पहिलीच ओळ आहे: ज्यांना हे हार्मोन सारखं काम करायला लावतं, त्यांच्या जीनमधली अक्षरंही सारखीच बदललेली असणार. आणि हे मला कोणी शिकवलं, आठवतं? मी सात वर्षांची होते. कबुतरांच्या खुराड्यासमोर तुम्ही मला खांद्यावर घेऊन म्हणालात, "हे आणि ते पलीकडचे लंबूटांगे, दोघे दूधभाऊ आहेत बरं."

फ्लेमिंगोचं रक्त मला दुसरीकडे कुठेही मिळत नाहीये. चार अर्ज केले, चार नकार आले. डबा पाठवा.

टिटवी


२५ जानेवारी

चि. टिटवीस,

डबा आज नोंदणी टपालानं पाठवला. झाकणाला दोन बाजूंनी चिकटपट्टी लावली आहे, त्यावर सुतळी, त्यावर कापड. कापडावर तुझा पत्ता दोन्ही बाजूंना लिहिला, म्हणजे डबा पालथा पडला तरी वाचता येईल. टपालवाला म्हणाला, "काका, आत बाँब आहे का?" मी म्हणालो, रक्त आहे. त्यानं मला पुन्हा रांगेच्या शेवटी उभं केलं. थट्टा करण्याचं वय राहिलं नाही, हे मला कळायला हवं होतं.

तुझं पत्र मी खालच्या पंक्चरवाल्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "म्हणजे तुमची पुतणी गाईची नि माशाची सोयरीक जुळवते आहे." मी म्हणालो, तसंच काहीसं. तो म्हणाला, "जुळेल?" मी म्हणालो, तीन वर्षं झाली, अजून बैठकच चालू आहे.

एक सांगायचं राहिलं. फ्लेमिंगोची पाकिटं तू घेऊ नयेस असं मला वाटतं. त्या कुंपणाशी ओल फार असायची. कागदांना तेव्हाच बुरशी धरली होती. उगाच तुझे महिने वाया जातील. त्यापेक्षा सारस घे, करकोचा घे. बदक तर फारच छान आहे. बदकाचे चारही कागद असे साफ आले आहेत की डॉक्टरसाहेबांनी शाबासकी दिली होती.

पोचल्याचं लगेच कळव. इथे जिन्यात पाय वाजला की टपाल परत आलं असंच वाटतं.

काका


१२ फेब्रुवारी

ती. काका,

डबा पोचला. तुमच्या सुतळीला कात्री लागेना, शेवटी सोडावॉटरनं गॅसच्या बर्नरवर जाळली.

बदकाचं कौतुक पुरे झालं. बदक दूध पाजत नाही, ते माझ्या काय कामाचं? आणि फ्लेमिंगोच्या कागदांवर बुरशी कुठेही नाही. उलट सगळ्यांत स्वच्छ तेच आहेत. उलगडत नाही ते वेगळंच. अकरा जाती, चार वर्षं, म्हणजे चव्वेचाळीस पाकिटं हवीत. डब्यात त्रेचाळीस आहेत. फ्लेमिंगोचं पहिल्या वर्षाचं पाकीट नाही. कुठे आहे?

इथलं काही विचारू नका. कागदाचा टिकलीएवढा तुकडा कापायचा, धुवायचा, त्यातला जीन यंत्रात घालून लाखो पटींनी वाढवायचा, मग अक्षरं वाचायची. ऐकायला दोन ओळी. करायला तीन आठवडे, आणि हाती शून्य. जीन वाढला की एक रेघ दिसायला हवी, ती सारसाची उमटतच नाही. करकोच्याची उमटली, पण ती करकोच्याची नव्हती, माझी होती. माझ्याच बोटाची कातडी नळीत पडली असणार. बाई म्हणाल्या, "अभिनंदन. स्वतःला ओळखणं ही मोठी गोष्ट आहे."

काल मी नळ्यांचा अख्खा ट्रे जमिनीवर आपटला. मग खाली बसून एकेक वेचत राहिले.

पाकिटाचं कळवा.

टिटवी


२० फेब्रुवारी

चि. टिटवीस,

ट्रे आपटू नये. वस्तूंवर राग काढला की वस्तू लक्षात ठेवतात.

ते पाकीट हरवलं. बहुधा उंदरांनी नेलं. तू मागे लागू नकोस.

इकडे थंडी संपत आली. माझे हात सकाळी जरा कापतात, पण तेवढं वयाला सोडून द्यावं लागतं. जेवतेस ना वेळेवर? तू लहानपणी चिडलीस की आधी जेवण सोडायचीस आणि मग भुकेनं आणखी चिडायचीस.

काका


१९ मार्च

काका! काका! काका!

नमस्कार नंतर. आधी हे वाचा.

फ्लेमिंगोचा जीन वाचून झाला! तिन्ही पाकिटं, तीन वर्षांचे तीन वेगळे कागद, आणि तिन्हींत तेच. इतर पक्ष्यांहून कबुतराच्या जीनमध्ये सात जागी अक्षरं बदललेली आहेत. फ्लेमिंगोत त्याच सात जागी, तीच सात अक्षरं. सातच्या सात! बाकीचा मी वाचला तेवढा भागही अक्षर न् अक्षर एक. मला वाटलं, माझ्याकडून कबुतराचा थेंब फ्लेमिंगोच्या नळीत सांडला. म्हणून दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या टेबलावर, नव्या सामानानं, कबुतराला हातही न लावता पुन्हा केलं. तेच आलं.

बाईंनी कागद हातात घेतला आणि सातही जागा पेन्सिलीनं मोजल्या. मग म्हणाल्या, "बस." तीन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा बसायला सांगितलं. दहा मेला इथे मोठी परिषद आहे, त्यात मी हे वाचणार आहे. त्याच्या जोरावर शिष्यवृत्तीची मुदत वाढेल.

शेवटी आभार मानायचे असतात. मी तुमचा उल्लेख करणार: 'एकतीस वर्षं पक्ष्यांना सांभाळणारे माझे काका'. तुमचे दूधभाऊ खरेच भाऊ निघाले!

तुमची टिटवी


२७ मार्च

चि. टिटवीस,

तुझं पत्र वाचून आनंद झाला.

पंक्चरवाल्याला सांगितलं. त्यानं एका गिऱ्हाइकाची हवा फुकट भरली.

मला एवढंच विचारायचं होतं की इतकं सारखं असणं बरं का? म्हणजे सख्ख्या भावांची नाकंसुद्धा वेगळी असतात. तुझ्या बापाचं आणि माझं बघ. तू आणखी एकदा तपासलंस तर? दुसरीकडचा फ्लेमिंगो मिळेपर्यंत थांबलीस तर? परिषद काय, पुढच्या वर्षीही असेल. आणि आभारांत माझा उल्लेख नको. मला ते शोभत नाही.

रात्री झोप लागत नाही, म्हणून अक्षर वाकडं आलं आहे.

काका


४ एप्रिल

ती. काका,

तुम्हीसुद्धा?

सोडावॉटर दोन आठवडे हेच म्हणतो आहे. "इतकं सारखं कसं? इतकं सारखं कसं?" तो जळतो म्हणून बोलतो. तुम्ही कशासाठी बोलता? मी दोनदा तपासलं आहे, तीन पाकिटं तपासली आहेत. पुढच्या वर्षी परिषद असेल, पण मी इथे नसेन, काका. तीस जूनला माझं टेबल दुसऱ्या कोणाला तरी देतील.

पहिल्या पत्रापासून तुमचं हेच चाललं आहे. डबा नको, फ्लेमिंगो नको, बदक घे, थांब, पुन्हा बघ. वर एक पाकीट उंदरांनी नेलं. उंदीर तर ऑफिसात होते ना? तुम्हाला काळजी करायची सवय आहे, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण ही काळजी पिंजऱ्याच्या कडीची नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसानं जीन किती सारखा असावा यावर मत देऊ नये.

राग आला असेल तर येऊ दे. मलाही आला आहे.

टिटवी


२१ एप्रिल

चि. टिटवीस,

हे पत्र मी चार वेळा लिहिलं. पहिली तीन चुलीत गेली. हे जाऊ नये म्हणून टपालपेटीशेजारच्या बाकावर बसून लिहितो आहे.

चौथीचं तू लिहिलंस ते खरं आहे. राग आला नाही. पण हे मत नव्हतं. मला माहीत होतं.

त्या तिन्ही पाकिटांत फ्लेमिंगोचं रक्त नाही. कबुतराचं आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. पहिल्या वर्षी डॉक्टरसाहेब स्वतः कुंपणात आले. मला म्हणाले, "पाय घट्ट धर, नाहीतर लाथ मारेल." मी दोन्ही पाय मुठीत आवळले. तो उसळला. आवाज फारसा झाला नाही, पेन्सिल मोडते तेवढाच. डॉक्टरसाहेब म्हणाले, "होतं असं कधीकधी. आता थेंब तेवढा घेऊन टाक." मी घेतला. त्या कागदावर थेंब नाही, चांगला बोराएवढा डाग आहे.

चौथ्या दिवशी तो गेला. त्याचं नि त्याच्या मादीचं पिलू तेव्हा दूधपितं होतं. तुला ठाऊक आहे, पाजता पाजता त्यांचा रंग उतरत जातो. दोघं असली की दोघांचा थोडा थोडा उतरतो. ती एकटी राहिली. दोन महिन्यांत कागदासारखी पांढरी झाली. मी रोज सकाळी खाणं घेऊन जायचो आणि तिच्याकडे पाठ करून ठेवायचो.

पुढच्या वर्षी डॉक्टरसाहेबांनी सुई माझ्याच हातात दिली. "तू शिकलास आता, घेऊन ठेव." बाकी दहा जातींचं घेतलं. फ्लेमिंगोच्या कुंपणात तीनदा शिरलो, तीनदा बाहेर आलो. शेजारी कबुतरांचं खुराडं. कबूतर हातात घेणं म्हणजे गरम पाव हातात घेणं. त्याला काही होत नाही. ऑफिसात ते रक्त कोणी बघत नव्हतं, नुसती पाकिटं मोजायचे. मी मनाला समजावलं, हे दोघे दूधभाऊ. ज्यांचं दूध एक, त्यांचं रक्त तरी वेगळं कशाला असेल? आणि पाकिटावर फ्लेमिंगो लिहिलं. एकदा लिहिलं की दुसऱ्यांदा हात अडखळत नाही.

तुझं दुसरं पत्र आलं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू लिहिलंस, हे मला तुम्ही शिकवलंत. जन्मभर मी पिंजरे धुतले. कोणाला काही शिकवलं असेल तर ते एवढंच. ते मोडवेना. मग वाटलं, जुनं रक्त आहे, त्यातून काही निघणारच नाही. तुला काही मिळू नये म्हणून मी महिनाभर बसून होतो, हेही लिहून टाकतो. आणि मिळालं ते असं मिळालं.

पहिल्या वर्षाचं पाकीट उंदरांनी नेलं नाही. ते माझ्या निवृत्तीच्या कागदांत होतं. सोबत जोडलं आहे. त्यातलं रक्त त्याचंच आहे. तेवढं एक खरं आहे.

बाईंना माझं नाव सांग. तुझ्यावर घेऊ नकोस. परिषदेला एकोणीस दिवस आहेत. हे पत्र वेळेवर पोचलं नाही तर काय, हा विचार करत मी आता पेटीत टाकतो.

काका


२६ मे

काका,

पत्र परिषदेच्या आठ दिवस आधी पोचलं. मी ते फाडलं. मग पुन्हा जोडून वाचलं, मग बाईंकडे नेलं. चिकटपट्टी लावलेलं पत्र बघून त्या म्हणाल्या, "हे काय, पुरावा की कोडं?"

वाचून झाल्यावर त्यांनी खोलीचं दार लावलं. मग जे सुरू झालं ते तुम्हाला लिहीत नाही. पाकिटावरच्या नावावर भरवसा ठेवून कोण संशोधन करतं? रक्त कोणत्या जातीचं आहे हे आधी पडताळायचं असतं, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही माहीत असतं, तुला का नव्हतं?  उत्तर होतं, पण ते बाईंना सांगण्यासारखं नव्हतं. पाकिटावरचं अक्षर माझ्या काकांचं होतं, म्हणून मी पडताळलं नाही.

परिषदेतून नाव मागे घेतलं. सभागृहाच्या दारावर छापील यादी लावली होती. तिच्यातलं माझं नाव मी स्वतः पेनानं खोडलं. सोडावॉटर मागे उभा होता. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

मी तुमच्यावर चिडलेली आहे. चार महिने तुम्ही मला बदक घे म्हणत बसलात! एक ओळ लिहायची होती, काका. एक.

मग पंधरा दिवस तुमच्या त्या चौथ्या पाकिटाला हात लावला नाही. शेवटी लावला. या वेळी आधी जात पडताळली. फ्लेमिंगोच आहे. मग जीन वाचला. कबुतरात ज्या सात जागी अक्षरं बदलली आहेत, त्या सातांपैकी फ्लेमिंगोत एकही बदललेली नाही. एकही नाही. त्या सात जागी तो करकोच्यासारखा, तुमच्या त्या लाडक्या बदकासारखा आहे. दूध तेच, पण अक्षरं ती नाहीत.

तो कागद समोर ठेवून मी माझ्या प्रबंधाची पहिली ओळ काढली. मग तुमचं पत्र काढलं. 'ज्यांचं दूध एक, त्यांचं रक्त तरी वेगळं कशाला असेल.' माझी ओळ जरा लांब आहे आणि तिच्यात प्रोलॅक्टिन हा शब्द आहे. बाकी फरक नाही. तुम्ही पाकिटावर फ्लेमिंगो लिहिलंत तेव्हा जे समजत होतात, तेच मी तीन वर्षं समजत होते. तुम्ही चौथीपर्यंत शिकून, मी इतकी वर्षं शिकून. मागच्या पत्रातली ती चौथीची ओळ मी परत घेते. रागासकट नाही, तेवढी ओळ.

बाई म्हणतात, दोघांनी दूध पाजायची वेगवेगळी वाट काढली असेल, तर ते सारखं निघण्याहून मोठं आहे. पण एका मेलेल्या पक्ष्याच्या एका डागावर कोणी विश्वास ठेवणार नाही. निदान सहा जिवंत फ्लेमिंगोंचं रक्त हवं, माझ्या डोळ्यांदेखत घेतलेलं. या वेळी त्यांनी स्वतः अर्ज केला. इथून चार तासांवरच्या एका संग्रहालयानं होकार दिला आहे. दहा जूनला. मात्र तिथला पक्षीपाल नवा आहे. मी विचारलं, पक्षी कसे धराल? तो म्हणाला, "पाय दोरीनं बांधू."

मला तुमच्याशी अजून नीट बोलायचं नाहीये. पण पाय धरायला जाणता माणूस हवा आहे.

टिटवी


२ जून

चि. टिटवीस,

पत्र काल मिळालं. पाच तारखेची गाडी आहे. दोन ठिकाणी बदलावी लागते. एका ठिकाणी बदलायला सात मिनिटं मिळतात आणि पूल चढून जायचं आहे. चुकली तर काय करायचं, ते मी वेगळ्या कागदावर लिहून खिशात ठेवलं आहे. खिडकीवरच्या कबुतरांचं दाणापाणी पंक्चरवाला बघेल. त्याला तीनदा समजावलं. चौथ्यांदा तो म्हणाला, "काका, हवा भरण्याइतकंच सोपं आहे, जा तुम्ही."

तुझी आई आजारी असताना तुला पक्षीविभागातल्या खोलीत ठेवून पाच महिने बाटलीनं दूध मी पाजलं. तेव्हाही तू चिडलीस की माझ्याकडे बघायची नाहीस, पण बाटली सोडायची नाहीस. तेव्हा आल्यावर बोलली नाहीस तरी चालेल.

पण एक गोष्ट आत्ताच लिहितो, हे पत्र माझ्या आधी पोचलं तर तू तिकडे फोन करून सांग. पाय धरायला माणूस हवा, असं तू लिहिलंस. नको. पाय धरायचेच नसतात. त्याचं अंग आपल्या काखेत घ्यायचं, पंख कोपरानं हलके दाबायचे, मान दुसऱ्या हातात सैल राहू द्यायची आणि पाय खाली मोकळे लोंबू द्यायचे. लाथ मारली तर मारू द्यावी. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तो आजारी होता, त्याला दवाखान्यात उचलून नेत होतो तेव्हा. त्यानंतर तीन थंड्या गेल्या. कसं धरायचं ते मला ठाऊक होतं आणि तरी मी दर वर्षी खुराड्याकडेच वळलो. मागच्या पत्रात हे लिहिलं नव्हतं. आता काही राहिलं नाही.

माझे हात सकाळी कापतात, हे तुला कळवलं आहे. दहानंतर थांबतात. म्हणून दहानंतरच सुरू करू. त्या पक्षीपालाला म्हणावं, दोरी कुलपात ठेव.

आणि पाकिटांवर सगळं तूच लिही. मी फक्त धरीन.

काका